'पेशन्स' चिखलात

प्रज्ञेशच्या लग्नाच्या दिवशी सकाळीच गजभियांच्या घरात दोन पक्ष पडले. साडेदहाला बोटीच्या धक्क्यावर पोचायचंच, या पक्षात एकटी नवऱ्यामुलाची आई राजश्री होती. 'पोचू की, एवढी काय घाई' या पक्षात तिचे सासरे यादवराव होते आणि मोठी नणंद धम्मशीला होती. ही धम्मशीला आदल्या संध्याकाळी नॉटिंगहॅमहून आली तेव्हा चांगली राजश्रीच्या बाजूची होती. सकाळच्या चहाला वडिलांशेजारी बसली आणि फुटली. राजश्रीचा नवरा धम्मदीप कुठल्याच बाजूला नव्हता. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देऊन देऊन त्याची अशी गत झाली होती की घरात आवाज चढले की तो स्वतःच गुंगीत जायचा.

नवरी मुलगी टॅम्सिन ही लॉर्ड ऑब्रे हॅदर्लींची नात. या एका वाक्यानं वर्षभर साउथहॅम्प्टन ते नागपूर फोन तापवले होते. यादवरावांची टॅम्सिनबद्दल काहीच तक्रार नव्हती. पोरगी फिजिओथेरपिस्ट होती, व्हिडिओ कॉलवर पहिल्याच दिवशी "जय भीम, आजोबा" म्हणाली होती, आणि त्यांच्या गुडघ्यासाठी तिनं सांगितलेला व्यायाम ते गुपचूप करतही होते. तक्रार होती ती 'लॉर्ड' या प्रकाराबद्दल.

"जन्मानं मोठा म्हणजे काय असतं, ते मला सांगू नका," ते दर रविवारी फोनवर सांगत. "माझा बाप मालगुजाराच्या अंगणात दिवसदिवस उभा राहायचा. मालगुजार आतून बाहेर येईल तेव्हा येईल. थांबायचं आपण. जन्मानं मोठा झालेला माणूस आपल्यासाठी थांबलाय, असं मी ऐंशी वर्षांत पाहिलेलं नाही. तिकडचा असो की इकडचा."

पण राजश्रीला धास्ती होती ती वेगळ्याच कारणानं. गजभियांच्या प्रत्येक लग्नात वधूवरांना प्रतिज्ञा देतो तो घरातला सर्वांत मोठा माणूस. भंतेजी त्रिशरण-पंचशील देतात, पण प्रतिज्ञा घरच्या वडीलधाऱ्याच्या तोंडून. त्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानतच नाही. आणि नागपूरहून आल्यापासून तीन आठवडे यादवराव एकच वाक्य बोलत होते, "मी लग्नाला येईन. प्रतिज्ञा देईन की नाही, ते त्या माणसाला पाहून ठरवीन."

प्रज्ञेश आईला म्हणाला होता, "आजोबा नाही बोलले तर मला लग्न झाला असं वाटणारच नाही, मम." लिंग चुकलं होतं, पण डोळ्यांतलं पाणी बरोबर होतं. राजश्रीला ते वाक्य रात्रभर पुरलं.

तर आज तो माणूस दिसणार होता. बाकीचे पाहुणे कोचनं थेट बागेत गेले होते. प्रज्ञेश, टॅम्सिन आणि भंतेजीही तिथेच होते. फक्त व्याह्यांनी बोटीनं यायचं, ही हॅदर्लींची जुनी रीत होती. घरात नवं माणूस येणार असेल तर त्याच्या वडीलधाऱ्यांना घरच्या कर्त्यानं स्वतः, स्वतःच्या बोटीतून, खाडीच्या वाटेनं आणायचं.

धक्क्यावर पोचायला पाऊण तास उशीर झाला. वीस मिनिटं यादवरावांचे मोजे सापडेनात, आणि उरलेला वेळ धम्मशीलाला पांढऱ्या साडीवर निळा ब्लाउज की निळीवर पांढरा हे ठरेना. ऑब्रे 'पेशन्स' या आपल्या शिडाच्या बोटीशेजारी उभे होते. पंच्याऐंशीचे, काटक, अंगावर नेव्हीतला जुना कोट आणि कोटाच्या कोपरांना ठिगळं. कोटाच्या काजात निळं फूल. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम, मिस्टर गजभिये."

"जय भीम," यादवराव म्हणाले. त्यात एक मिलिमीटरही जास्तीचं हसू नव्हतं.

लॉर्डपण ऑब्रेंच्या वाट्याला खरं तर यायचंच नव्हतं. ते धाकटे. नेव्हीतून सुटल्यावर बाग करायची आणि शिडाच्या बोटीतून हिंडायचं, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. मग थोरला भाऊ मूलबाळ नसताना गेला आणि किताब, चाळीस खोल्यांचं गळकं घर आणि त्या घराचं दुःख हे सगळं यांच्या अंगावर आलं. त्यांनी घर विकून टाकलं. आता तिथे फ्लॅट आहेत आणि लिफ्ट आहे. स्वतःकडे ठेवली ती भिंतीआडची बाग, बोट ठेवायची शेड आणि माळ्यासाठी बांधलेलं दोन खोल्यांचं घर, त्यातच ते राहू लागले. हिवाळाभर खणायचं, उन्हाळाभर समुद्रावर. ज्या बंदराला जायचे तिथून झाडाची एखादी फांदी ओल्या मोज्यात गुंडाळून आणायचे. बायको सिसिली म्हणायची, यांच्या बागेत युरोपातली सगळी बंदरं आहेत आणि कपाटात मोज्यांची एकही पुरी जोडी नाही. तिला समुद्र बिलकुल आवडत नसे. ती बागेच्या टोकाला, लाकडी जेटीवर उभी राहायची आणि हे परत आले की चहा ओतायची. सिसिली जाऊन सहा वर्षं झाली होती, पण ऑब्रे अजूनही त्याच जेटीला बोट लावत आणि थर्मास घेऊन जात. हे सगळं राजश्रीला ठाऊक होतं, कारण जानेवारीपासून बागेच्या तयारीसाठी ती दर शनिवारी तिथे जात होती. घरी मात्र तिनं यातलं अर्धंच सांगितलं होतं. जास्त सांगितलं असतं तर सासरे म्हणाले असते, तू त्यांच्या पक्षात गेलीस.

बोटीत चढायच्या आधीच पहिलं विघ्न आलं. भंतेजींच्या भोजनदानासाठी राजश्रीनं मोठी पिशवीभर केळी आणली होती. ती पाहताच ऑब्रेंचा चेहरा पडला.

"अं... राजश्री. फार वाईट वाटतं सांगायला. पण केळी बोटीवर नको."

"का?"

"बोटीला लाभत नाहीत," ते ओशाळून म्हणाले. "खलाशांचं जुनं काहीतरी आहे. मूर्खपणा आहे, मला कळतं. पण नको."

राजश्रीनं पिशवी निमूटपणे धक्क्यावरच्या बाकावर ठेवली. यादवरावांनी धम्मशीलाकडे पाहिलं. धम्मशीला नॉटिंगहॅमला समाजशास्त्र शिकवते. अंधश्रद्धेचा तिला शंभर पावलांवरून वास येतो. बापलेकीची ती नजरानजर राजश्रीनं पाहिली.

मग ऑब्रेंचा फोन वाजला. त्यांनी कोटाच्या खिशातून एक बारीक छापील पुस्तिका काढली, पानावर बोट ठेवलं आणि कुणाला तरी म्हणाले, "नाही, नाही, वेळ मी ठरवूनच दिली होती. चंद्र पौर्णिमेजवळ आलाय. सगळं त्याच्यावर आहे." फोन ठेवून त्यांनी दगडी धक्क्याच्या भिंतीकडे एकदा पाहिलं. पाण्याच्या वर हिरव्या शेवाळाची एक बारीक पट्टी दिसत होती.

यादवराव धक्क्यावरच्या बाकावर, केळ्यांच्या पिशवीशेजारी जाऊन बसले. चांगले मांडी घालून.

"बाबा, निघायचं ना?" राजश्री म्हणाली.

"निघू. गुडघा दुखतो. जरा बसतो."

"बाबांचा गुडघा दुखतोय," धम्मशीला एखादा ठराव मांडावा तशी म्हणाली. "आणि मला इथे फोटो काढायचेत. प्रकाश किती सुंदर आहे. धम्मदीप, उभा राहा रे."

धम्मदीप उभा राहिला. नंतर बसून, नंतर बहिणीबरोबर, नंतर बोटीबरोबर. राजश्री ऑब्रेंकडे धावली.

"सॉरी हं. बाबांना जरा वेळ लागतोय. उशीर होतोय का?"

ऑब्रेंनी भिंतीकडे पाहिलं. हिरवी पट्टी आता हातभर झाली होती. "नॉट अ बिट," ते म्हणाले. "नो हरी ॲट ऑल."

मग त्यांनी थर्मास काढला आणि यादवरावांना चहा दिला. यादवरावांनी तो घोटघोट, प्रत्येक घोटानंतर पाण्याकडे पाहत, अशा सावकाशीनं घेतला की धम्मशीलाचे फोटो संपले तरी कप अर्धा होता. राजश्रीला वाटलं, संपलं. हे इथूनच परत फिरणार. माणूस पाहून झाला यांचा.

तेवढ्यात प्रज्ञेशचा फोन. "आई, बोट निघाला का?"

"नाही रे. आजोबा चहा घेतायत."

"काय? ऑब्रे काय म्हणतायत?"

"ते म्हणतात, नो हरी ॲट ऑल."

पलीकडून प्रज्ञेश ओरडला, "मम, लिसन, ऑब्रे जेव्हा नो हरी ॲट ऑल म्हणतात ना, तेव्हा..." आणि तिथे फोन कटला. त्या खाडीवर नेटवर्क लहरीवर चालतं.

शेवटी निघाले. यादवराव उठले तेव्हा त्यांच्या शबनम पिशवीला थोडं जास्तच पोट आलं होतं, पण राजश्रीचं लक्ष नव्हतं. ती मनातल्या मनात सगळ्यांना बोटीत बसवण्यात गुंतली होती. ऑब्रेंनी आता मात्र विलक्षण चपळाई केली. एका झटक्यात दोर सुटला, इंजिन फुरफुरलं, आणि 'पेशन्स' खाडीत शिरली. ते सारखे पाण्याच्या कडेकडे पाहत होते आणि शीळ घालत होते.

वळण आलं आणि समोर बाग दिसली.

अख्खा उतार निळा होता. वरपासून खाली जेटीपर्यंत. उंच डेल्फिनियम, त्यांच्या पायाशी कॉर्नफ्लॉवर, कडेनं ॲगापँथसचे गोळे, मधूनमधून पांढरं, पुन्हा निळं. हिरवळीवर पांढरा मंडप, मंडपात बुद्धमूर्ती, आणि तिच्या शेजारी सगळ्या निळ्याच्या मधोमध बाबासाहेबांची तसबीर. त्यांच्या कोटाचा निळा आणि खालच्या फुलांचा निळा अगदी एक.

"अय्या, बाबा!" धम्मशीला उभीच राहिली. "निळं! सगळं निळं!"

"जानेवारीत मला विचारत होते, नेमका कुठला निळा," राजश्री म्हणाली. "मी आपल्या निळ्या ध्वजाचा फोटो पाठवला. तो फोटो घेऊन हे शेडमध्ये बसले आणि बियांच्या पाकिटांवरचे रंग एकेक करून जुळवले. तीन जाती नाकारल्या. जांभळ्याकडे झुकतात म्हणून."

यादवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

धम्मशीला सरकत सरकत राजश्रीच्या कानाशी आली. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "राजश्री, अगं, आम्ही जरा गडबड केली."

"काय?"

"मुद्दाम उशीर केला. बाबा म्हणाले, चंद्र बघून वेळ काढलीय, खिशात पंचांग आहे, केळं चालत नाही. आता तुला माहीत आहे, आपल्या घरात एक लग्न मुहूर्तावर झालेलं नाही. बाबांचं अमावस्येला, माझं ऐन पितृपक्षात. म्हणाले, हा मुहूर्त मी मोडणार म्हणजे मोडणार. मीच म्हटलं मग, फोटो काढू."

"ताई!" राजश्री ओरडली. "ते पंचांग नाहीये! ते..."

आणि 'पेशन्स' थांबली.

धक्का नाही, आवाज नाही. लोण्यात सुरी थांबावी तशी मऊ थांबली. ऑब्रेंनी इंजिन मागे घेतलं, पुढे घेतलं. पाणी तपकिरी झालं. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आह."

"...भरतीची वेळ आहे ती," राजश्रीनं वाक्य पुरं केलं.

पुढे जे झालं ते सावकाश झालं, म्हणून जास्तच भयंकर. दोन्ही बाजूंचं पाणी निघून जायला लागलं. इथलं पाणी असंच. चढलं की बराच वेळ घुटमळतं, आणि जायचं ठरलं की पळतच सुटतं. मघाशी जिथे लाटा होत्या तिथे लांब चोचीचे पक्षी चालायला लागले. बोट डावीकडे कलली. थोडी, मग आणखी, मग चांगलीच. लाडवांचा डबा उघडला आणि रव्याचे लाडू एकामागोमाग एक, रांगेनं, डेकवरून घरंगळत चिखलात उड्या घ्यायला लागले. धम्मशीला साडीसकट घसरत जाऊन धम्मदीपवर आदळली. धम्मदीप जागा झाला.

"पोचलो?" त्यानं विचारलं.

यादवराव डोलकाठीला मिठी मारून चिखलाकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते. मग आवाज फुटला, वर्गात मजकूर सांगावा तसा, एकसुरी. "चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राच्या पाण्याची पातळी ठरावीक वेळी वाढते व कमी होते. यास भरती-ओहोटी म्हणतात." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "राजश्री, निवृत्त होईपर्यंत दर वर्षी शिकवली मी ही. तारेचा चंद्र करून. पोरांना हातात हात घालून गोल उभं करून. नागपूरला समुद्र कुठून आणणार! आणि आज खरी आली तर मी तिला मुहूर्त समजलो!"

पहिली धम्मशीला फुटली. ती धम्मदीपच्या अंगावरच पडून होती; तिथूनच तिला जे हसू आलं ते थांबेना. मग धम्मदीप. मग राजश्री, जिला रडायचं होतं, पण तोंडातून निघालं ते हसूच. शेवटी यादवराव डोलकाठीला धरून असे हसले की कवळी सावरावी लागली. ऑब्रे सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत सभ्यपणे हसत होते, काही कळलेलं नसताना.

राजश्रीनं डोळे पुसत त्यांना सांगितलं. मुहूर्त म्हणजे काय, पंचांग म्हणजे काय, आणि तुमची भरतीची पुस्तिका कशी त्यात सापडली ते.

"अरे देवा," ऑब्रे म्हणाले. "म्हणजे यांना वाटलं मी ग्रहताऱ्यांवर विश्वास ठेवतो? छे छे! विज्ञान आहे ते." मग क्षणभर थांबून म्हणाले, "केळ्यांचं मात्र खरं आहे हं."

यादवरावांचं हसू एकदम थांबलं. ते आपल्या शबनमकडे पाहायला लागले. मग सगळ्यांचंच लक्ष तिकडे गेलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक फणी बाहेर काढली. मग दुसरी.

"बाबा!" राजश्री किंचाळली.

"तत्त्वाचा प्रश्न होता," यादवराव म्हणाले.

"बघा!" ऑब्रे विजयानं ओरडले. अख्ख्या सकाळीत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "मी म्हटलं नव्हतं? साठ वर्षांत एकदाही रुतलो नाही मी! एकदाही! आणि बोटीवर केळी!"

आता हसून हसून पोटात दुखायला लागलं. जेटीवर तोवर गर्दी जमली होती. पांढऱ्या साडीतली टॅम्सिन सर्वांत पुढे, तिच्या शेजारी डोक्याला हात लावलेला प्रज्ञेश, मागे दोन्हीकडचे पाहुणे. मध्ये एक दगड फेकण्याइतकं अंतर आणि त्यात मांडीपर्यंतचा काळा चिखल.

"ग्रँडपा!" टॅम्सिन ओरडली. "तुम्ही भरती चुकवली? तुम्ही?"

"संध्याकाळी येते परत!" ऑब्रेंनी हात हलवला.

"काय संध्याकाळी!" यादवराव एकदम भानावर आले. "भंतेजींचं काय? त्यांचं भोजन मध्यान्हीच्या आत व्हायला हवं. घड्याळात बारा वाजून गेले!" त्यांनी तोंडाभोवती हात धरून हाक दिली, "प्रज्ञेश! भंतेजींना आधी वाढा!"

"म्हणजे बाबा, बाराचा हिशोब तुम्हीही पाळता," धम्मशीला म्हणाली.

"तो मुहूर्त नाही, तो विनय आहे, भिक्खूंचा नियम! सूर्य डोक्यावर यायच्या आत."

'सूर्य' हा शब्द ऑब्रे बागेत येणाऱ्या राजश्रीकडून शिकले होते. "सन? नून?" ते म्हणाले. "पण घड्याळ तर उन्हाळ्यात तासभर पुढे केलेलं आहे. आणि आपण ग्रिनिचच्या पश्चिमेला आहोत. इथला सूर्य डोक्यावर येतो तो..." त्यांनी पुस्तिकेच्या मागे पेन्सिलीनं काही मांडलं. यादवरावांनी मान वाकडी करून पाहिलं, पेन्सिल काढून घेतली, एक बेरीज दुरुस्त केली आणि परत दिली.

"एक वाजून दहा," दोघे एकदमच म्हणाले.

आणि एकमेकांकडे पाहिलं. भूगोलाचा मास्तर आणि दर्यावर्दी, कललेल्या बोटीवर, हातात केळी. राजश्रीला पुढे कित्येक वर्षं हे लग्न आठवलं की आधी हेच दोन चेहरे आठवायचे.

म्हणजे वेळ होता. जवळजवळ तास. भंतेजींना ओरडून विचारलं. ते हसून "साधु साधु" म्हणाले आणि स्वतःच जेटीच्या टोकाला येऊन बसले. कुणीतरी बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धमूर्ती मंडपातून उचलून आणली. प्रज्ञेश आणि टॅम्सिन शेजारी उभे राहिले. सगळे बोटीकडे पाहत होते. म्हणजे एकाच माणसाकडे.

यादवराव उठले नाहीत. राजश्रीचं हसू कुठल्या कुठे गेलं. प्रज्ञेश इथून दिसत होता. हात पाठीमागे, लहानपणी शाळेच्या स्टेजवर उभा राहायचा तसा.

"मिस्टर हॅदर्ली," यादवराव त्यांच्या शाळेच्या इंग्रजीत म्हणाले, शब्द शब्द सुटा करून. "तुम्हाला ठाऊक होतं? पाणी चाललंय, हे?"

"हो."

"केव्हापासून?"

"तुम्ही बाकावर बसलात तेव्हापासून थोडं. चहाच्या दुसऱ्या घोटाला खात्रीच पटली."

"मग काऊन सांगितलं नाही बा?" ते शेवटचं इंग्रजीत निघालंच नाही. राजश्रीनं पुरं करून सांगितलं.

ऑब्रे गोंधळले. हे विचारण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलं नव्हतं. "तुम्ही दमला होतात," ते म्हणाले. "एवढ्या लांबून आलात. आणि घरातले सर्वांत मोठे. तुम्हाला घाई कशी करायची? पाणी काय, दिवसातून दोनदा येतं. तुम्ही पहिल्यांदाच येत होतात." मग ते जरा खाली पाहून म्हणाले, "सिसिली माझ्यासाठी जेटीवर चाळीस वर्षं थांबली. मी कधी कुणासाठी थांबलो नव्हतो. वाटलं, बघू कसं वाटतं ते."

लांब चोचीचे पक्षी लाडू टिपत होते.

"राजश्री," यादवराव अखेर म्हणाले, हलक्या आवाजात. "हा माणूस थांबला."

"हो बाबा."

"माझ्यासाठी थांबला. भरती सोडून." त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "माझ्या बापाला सांगायला पाहिजे होतं गं कुणीतरी. मला उभं कर."

राजश्री पुढे झाली, पण ऑब्रे आधी पोचले. कललेल्या डेकवर त्यांनी यादवरावांना उभं केलं आणि पाठीमागून त्यांच्या कोटाचा पट्टा घट्ट मुठीत धरला. धुक्यात हाका मारायचा पत्र्याचा कर्णा त्यांनी दुसऱ्या हातानं पुढे केला. यादवरावांनी तो बाजूला सारला. पंख्याच्या खडखडाटात साठ पोरांच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज होता तो.

भंतेजींनी त्रिशरण दिलं, पंचशील दिलं. चिखलाच्या या बाजूनं पाच आणि त्या बाजूनं शंभर गळ्यांनी ते म्हटलं. मग यादवरावांनी श्वास घेतला.

"मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन!"

"मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन!" प्रज्ञेशचा आवाज खाडीवरून आला. यावेळी एकही अक्षर चुकलं नाही.

"तिचा कधीही अपमान करणार नाही!"

एकेक प्रतिज्ञा चिखलावरून तिकडे जायची आणि परत यायची. टॅम्सिनची पाळी आली तेव्हा ती इतक्या मोठ्यांदा ओरडली की पक्षी उडाले. पाच तिच्या झाल्या, पाच त्याच्या झाल्या. सगळे फुलं उधळायला सरसावले आणि यादवरावांनी हात वर केला.

"अजून एक आहे!"

धम्मशीलानं राजश्रीचा हात धरला. "अजून एक? कुठली?"

"एकमेकांसाठी थांबा!" यादवराव ओरडले. आवाज चिरफाळला, तरी पोचला. "घाई असली तरी थांबा! पाणी निघून गेलं, तरी थांबा!"

जेटीवरून प्रज्ञेश म्हणाला, "आम्ही थांबू." आणि टॅम्सिन म्हणाली, "आम्ही थांबू, आजोबा!" आणि निळ्या फुलांचा एवढा मोठा लोट उठला की अर्धी फुलं वाऱ्यानं चिखलावर येऊन पडली.

धम्मशीला हमसून हमसून रडत होती आणि धम्मदीप चक्क जागा होता. राजश्रीनं पाहिलं, प्रतिज्ञा संपली तरी ऑब्रेंनी पट्टा सोडला नव्हता.

दुपारभर मग ते पाच जण केळी आणि चिवडा खात बोटीवर तिरके बसून राहिले. पाणी आलं तेव्हा सहा वाजून गेले होते. बागेत पोचल्यावर जेवणं झाली, भाषणं झाली, धम्मशीलानं लॉर्ड हॅदर्लींना लेझीम शिकवलं. उन्हाळ्याचा उजेड रेंगाळत होता. यादवराव डेल्फिनियमच्या वाफ्याजवळ खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर ओल्या मोज्यात गुंडाळलेली एक फांदी, हातात जिलेबीची बशी, समोर माना वर करून ऐकणारी दोन्ही घरांतली पोरं आणि त्या पोरांच्या मधोमध तारेचा चंद्र.

ऑब्रे हिरवळीवरून सावकाश चालत आले. जेटीकडे एक नजर टाकली, खिशातल्या पुस्तिकेला हात लावला, आणि वाकून अदबीनं म्हणाले, "तुमचं झालं की निघू या, मिस्टर गजभिये. नो हरी ॲट ऑल."

यादवरावांच्या हातातली बशी खाली गेली आणि ते ताडकन उठले.

"राजश्री! धम्मशीला! धम्मदीपला उठवा!" फांदी छातीशी धरून ते जेटीकडे पळत सुटले होते. "नो हरी म्हणाला तो! पळा!"